म्हणे माईक बंद ठेव

शिव्यांचं मला फारसं काही वाटत नाही. लालबागच्या चाळीत वाढलेय, पाणी यायच्या वेळेला नळावर त्याहून ताज्या शिव्या ऐकल्यात. माझी तळपायाची आग मस्तकात जायची ती आमच्याच टीममधल्या पोरांच्या एका वाक्याने. "ताई, तू माईक बंद ठेव ना."

खेळ मोबाईलवरचा, गोळीबाराचा. चौघांची टीम करून एका बेटावर उतरायचं, शेवटपर्यंत जी टीम जिवंत राहील ती जिंकली. मी चाळिशी उलटलेली बाई. दिवसभर लोअर परळच्या ऑफिसात विम्याचे क्लेम तपासते आणि संध्याकाळी घरी येऊन हा खेळ खेळते. हसायचं असेल तर हसून घ्या. नेम माझा बेताचाच, पण डोकं जाग्यावर असतं. शत्रू कुठे लपलाय, कोणी कुठून निघायचं, हे मी माईकवर सांगायचे आणि बाकीचे तिघे तसं करायचे. परळ, लालबाग, दादरच्या टीमांची एक स्पर्धा भरली होती. तीत आम्ही सेमीफायनलला पोचलो ते माझ्या बोलण्यावर, आणि हे ती पोरंही मान्य करायची.

पण या खेळात जवळ आलेल्या शत्रूलाही आपलं बोलणं ऐकू जातं. सरावाच्या एका मॅचमध्ये समोरच्या टीममधल्या एकाने बाईचा आवाज ऐकला आणि तो हात धुऊन माझ्या मागे लागला. खऱ्या नावाने तिथे कोणीच खेळत नाही. याने वाघाचं नाव घेतलेलं, फोटो कवटीचा. "ए आंटी, चपाती जल रही है, जा ना किचन में." मी म्हटलं, "चपाती कधीच झाली, ये गिळायला." त्याचे मित्र खिदळले. तिथून जे सुरू झालं ते रोजचं झालं. आधी माझ्या वयावरून, मग अंगावरून, मग आईवरून. मॅच जिंकण्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. मला शोधायचं, मारायचं आणि मी पडले की वर उभं राहून घाण बोलायचं. खेळाच्या कंपनीकडे तक्रार केली. आभाराचा मेसेज आला आणि दुसऱ्या दिवशी हा परत हजर.

एकदा माझा इअरफोन निघाला आणि फोनमधून त्याचा आवाज खोलीभर झाला. आई भांडी लावत होती. ती मालवणची. तिने कमरेला पदर खोचला. "कोण मेलो तुका असा बोलता गो? हाड हकडे तो फोन!" मी दिला नाही. द्यायला हवा होता. तिने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या.

सेमीफायनलला नेमकी त्याचीच टीम समोर आली. आमच्यातला मोठा पोरगा म्हणाला, "ताई, तू बोललीस की तो पिसाळतो आणि आपला खेळ जातो. उद्या मी बोलतो, तू गप खेळ." वा रे वा! घाण ओकणार तो आणि तोंड मी शिवून बसणार! मी म्हटलं, उद्या मीच बोलणार. "बघ बाबा," तो म्हणाला, "हरलो तर पुढे बोलायला दुसरा कोणीतरी घ्यावा लागेल." रात्रभर माझं डोकं ठणकत होतं. हा खेळ म्हणजे माझ्यासाठी ते बोलणंच होतं. ऑफिसात माझं कोण ऐकतो?

मॅच संध्याकाळची होती. गणपतीचे दिवस, चाळीची दारं सताड उघडी, खाली आमच्या मंडळाचा लाऊडस्पीकर चालू. त्यावर निवेदन करतो तो कोपऱ्यातल्या खोलीतला. तिशीतला, लग्न झालेला, मला ताई म्हणणारा. मराठी इतकी शुद्ध बोलतो की चाळीतल्या बायका आपल्या पोरांना त्याचं उदाहरण देतात.

मॅच रंगात आली आणि वाघाने मला मारलं. मेलं तरी या खेळात साथीदार काय बघतायत ते दिसतं, ऐकू येतं आणि त्यांच्याशी बोलता येतं. आमचा एकजण त्याच्या जवळच लपला होता, त्यामुळे त्याचं सगळं माझ्या कानात येत होतं. त्याचं नेहमीचं सुरू झालं. "मर गई आंटी? अभी जा, बर्तन घिस..." आणि मध्येच हिंदी थांबलं. त्याच आवाजात माझ्या कानात आलं, "भाविकांना नम्र विनंती, माता-भगिनींनी कृपया डावीकडच्या रांगेत उभं राहावं."

तेच वाक्य त्याच वेळी खिडकीतून दणदणत आत आलं.

गाढव मंडपात बसून खेळत होता. मंडळाचा माईक चालू करताना खेळातला बंद करायला विसरला.

मी उठले. फोन हातात, इअरफोन कानात. जिना उतरता उतरता पोरांना सांगितलं, "आहात तिथेच थांबा, कोणी हलू नका." खाली स्वयंसेवक म्हणाला, "या ताई, दर्शन?" मी थेट निवेदनाच्या टेबलामागे गेले. तो पाठमोरा, फोन टेबलाखाली मांडीवर. पुन्हा तोंड उघडायची मी वाट बघितली. उघडलं. मी मागून हात घातला आणि मंडळाच्या माईकचं बटण वर केलं.

अख्ख्या गल्लीने ऐकलं. आंटी ऐकलं, भांडी ऐकली आणि माझ्या आईवरून दिलेली ती शिवीही ऐकली. डावीकडची बायकांची रांग जागच्या जागी थिजली.

तो वळला. फोन खाली पडला. "ताई! शपथ, तू आहेस हे मला माहीत नव्हतं!"

"म्हणजे दुसरी कोणी असती तर चाललं असतं?" हेही स्पीकरवर गेलं.

मंडळाचे ज्येष्ठ काका धावत आले. मला वाटलं, याच्या कानाखाली जाळ काढणार. काका मला म्हणाले, "अगं, सणासुदीचं काय हे? आधी तो माईक बंद कर."

मला! तोंड त्याचं आणि माईक मी बंद करायचा! मी माईक दांडीवरून उपसून हातात घेतला. काकांना म्हटलं, "नाही करणार. काय करायचं ते करा."

तेवढ्यात कानात आमचा मोठा पोरगा ओरडला, "ताई, आम्ही दोघंच उरलोय! वाघ कुठे आहे? बोल ना!"

मी खाली पाहिलं. त्याचा फोन चपलांमध्ये उताणा पडला होता, स्क्रीन चालू. त्याने उचलायला हात घातला, मी फोनवर पाय ठेवला.

"विहिरीच्या उजवीकडे, उघड्यावर उभा आहे," मी म्हटलं, आणि माझा आवाज गल्लीच्या त्या टोकापर्यंत गेला. "हलणार नाही तो. घाला गोळ्या."