आईच्या हनुवटीवरचं गोंदण

जुन्या फोनने मला फसवलं. आईच्या हनुवटीवरचं गोंदण त्याने फोटोंमध्ये डाग समजून पुसलं, आणि हे माझ्या लक्षात आलं ते आई गेल्यावर. भेंडीसुद्धा टोक मोडून पाहिल्याशिवाय न घेणारा मी, फोटो मात्र न तपासता साठवत गेलो.

म्हणून या वेळी नवा फोन घ्यायला दुकानात मावशीला सोबत नेलं. लहानपणी दोघी बहिणींनी एकाच गोंदणारणीकडून सारखंच गोंदून घेतलेलं. दुकानातल्या सगळ्यात महागड्या दोन फोनांनी मी मावशीचे फोटो काढले.

"अगं बाई! एवढी गोरी मी लग्नातसुद्धा नव्हते रे," मावशी हसली.

एका फोटोत गोंदण पुसट होतं, दुसऱ्यात नव्हतंच.

"साहेब, यात चेहरा जास्त फ्रेश येतो," विक्रेता दुसरा फोन पुढे करत म्हणाला.

"फ्रेश करायला सांगितलं कुणी?" माझा आवाज चढला.

आता मला घरातल्या प्रत्येक फोटोचा संशय येतो. त्यांतून आणखी काय काय गेलं असेल? मावशी तर तिथे दुकानातच बोटाने हनुवटी चाचपत होती. सुई टोचताना दोघी एकमेकींचा हात धरून रडल्या होत्या म्हणे. ते गोंदण पुसायचं ज्याने ठरवलं, त्याला माझ्यासमोर उभा करा.