तीन महिन्यांची मुदत

शनिवार पेठेतल्या एका प्रकाशनात मी प्रुफं तपासायचे. तिथल्या संपादकांनी मला अर्ध्या तासात घरी पाठवलं होतं. दहावीच्या गाइडमध्ये उत्तरं चुकली होती. शेवटचा बदल त्यांनीच केलेला, पण मालकांसमोर बोट माझ्याकडे दाखवलं. सगळं ऑफिस बघत असताना म्हणाले, "बाई, प्रुफं तपासणं म्हणजे तांदूळ निवडणं नव्हे. उद्यापासून येऊ नका." मी एक शब्द बोलले नाही. ते न बोलणं मला पुढे अकरा वर्षं जाळत राहिलं.

दरम्यान मी हडपसरच्या एका कंपनीत शालेय पुस्तकांच्या विभागाची प्रमुख झाले. गेल्या वर्षी कंपनीने एक छोटी प्रकाशनसंस्था विकत घेतली आणि तिच्या माणसांबरोबर तेच संपादक माझ्या हाताखाली आले. त्यांनी मला ओळखलं नाही. मी सांगितलंही नाही. नुसती वाट बघू लागले.

फार थांबावं लागलं नाही. न वाचताच पानांवर सह्या ठोकायची त्यांची सवय गेली नव्हती. चौथीच्या भूगोलात कृष्णा नदी अरबी समुद्राला जाऊन मिळाली. शाळांची पत्रं आली. वरचे साहेब म्हणाले, "काढून टाका." मी म्हटलं, "असं नाही." मला संपादकांसाठी एकही पळवाट ठेवायची नव्हती. लेखी ताकीद दिली, काय सुधारायचं ते नेमकं लिहून दिलं, तीन महिन्यांची मुदत दिली. दर सोमवारी समोर बसवून चुका समजावल्या, आणि मनापासून समजावल्या. संधी दिली नाही असं उद्या कुणी म्हणायला नको. मनात मात्र एकच घोकत होते: सुधारू नका.

ते सुधारले नाहीत.

शेवटच्या दिवशी खोलीत आम्ही दोघं आणि एचआरच्या बाई. दार लावलेलं. मी कारणं वाचली, पत्र पुढे सरकवलं.

"मॅडम, या वयात मी कुठे जाऊ?"

"वयाचा विचार करूनच तीन महिने दिले."

ते माझ्याकडे बघत राहिले. "तुम्ही शनिवार पेठेत होतात ना? म्हणजे त्याचं उट्टं काढलंत!"

एचआरच्या बाईंनी चमकून माझ्याकडे पाहिलं.

"फाइल वाचा," मी म्हटलं. "त्यातली एक जरी चूक माझ्या मनची निघाली, तर हे पत्र आत्ता फाडते."

त्यांनी खरंच वाचली. वीस मिनिटं. शेवटच्या पानापर्यंत काही वाचण्याची त्यांची पहिलीच वेळ असावी. मग सही केली. मला दया यायला हवी होती. आली नाही.

आठवड्याने त्यांची मेल आली. अनुभवाच्या दाखल्यात 'कामात चोख' एवढे दोनच शब्द घालाल का? दाखला मी पुन्हा तपासला. हुद्दा, कालावधी, सगळं बरोबर होतं. उलट टपाली कळवलं, "न पटलेलं मी छापत नाही."