पंच क्रमांक दोन

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही — आणि माझं तिच्यापासून काही लपत नाही, अशी तिची ठाम समजूत आहे. असो.

परवा बुधवार पेठेत जुन्या पुस्तकांच्या दुकानात एका वकिलांचं आत्मकथन मिळालं. वारज्याच्या खून खटल्यात आरोपीची बाजू त्यांनी लढवली होती. त्या खटल्यावरून तेव्हा मंडईत भाजी घेता घेता माणसं हमरीतुमरीवर यायची. मी गप्प. का गप्प? सांगतो — थांबा जरा.

त्या पुस्तकात मी आहे. नाव नाही, नुसतं ‘पंच क्रमांक दोन, रेडिओ दुरुस्तीवाले’. पोलीस काही जप्त करतात तेव्हा दोन त्रयस्थ माणसं समोर लागतात, ते पंच. वारज्यात कुणी तयार होईना म्हणे. हवालदार माझ्या दुकानात आले. “अहो, चला, दोन मिनिटांचं काम आहे.” नाही म्हणायची छाती होती कुठे? गेलो.

वारजे म्हणजे तेव्हा नुसती शेतं. आरोपी तिथलाच शेतगडी. त्याला पुढे घालून सगळे कडब्याच्या गंजीकडे निघाले. आणि मी? चिखल होता हो! पायात कोऱ्या कोल्हापुरी. मी जीपमध्येच बसून राहिलो. थोड्या वेळानं कागदात गुंडाळलेला कोयता आला. मी सही ठोकली.

कोर्टात तरी खरं बोलायचं की नाही? आरोपीच्या वकिलांनी, म्हणजे याच पुस्तकवाल्यांनी, विचारलं, कोयता आरोपीनं तुमच्यासमोर काढून दिला का? न बघता सही केली म्हणालो तर हसं होईल, फौजदार दुकानावर येतील — एवढंच डोक्यात. म्हणालो, “हो. माझ्या डोळ्यांदेखत.”

“काका, तुमी तर गाडीतच हुता की!” आरोपी पिंजऱ्यातून ओरडला. न्यायाधीशांनी त्याला गप्प केलं. मी खाली बघितलं. लाज वाटली — तरी साक्ष बदलली नाही.

जन्मठेप झाली त्याला. खून त्यानं केला का? मला माहीत नाही. कोयता गंजीतूनच निघाला का? तेही माहीत नाही. मी पाहिलंच नव्हतं.

वकील लिहितात, हा साधा दुकानदार खोटं बोलेल असं वाटेना, म्हणून पुढे काही विचारलंच नाही. पंच गाडीतच होता असं सांगणारा आपला अशील आपल्याशीही खोटं बोलला, असं त्या दिवसापासून वाटू लागलं. ते पान मी तीनदा वाचलं. त्या माणसाच्या बाजूनं बोलणारा अख्ख्या कोर्टात एकच जण होता. त्याचाही विश्वास मी घालवला.