ओल्या पळीचा तपास

आठवा भाग संपून पडद्यावर नावं सरकायला लागली, तेव्हा मी उभी होते. गुडघ्यांमुळे मी आरतीलाही खुर्ची मागते, आणि त्या दुपारी शेवटची दहा मिनिटं मी उभ्यानं पाहिली. कधी उठले ते कळलंच नाही.

मालिका पोलिसांची होती. डोंगरातल्या एका गावात कुणीतरी विष घालतं आणि एक इन्स्पेक्टर बाई तपास करते. ते विष कुणी घातलं हे आम्हाला सातव्या भागातच कळलं होतं, त्याचं काही नाही. शेवटच्या भागात वेगळंच निघालं. नोकरीत नवी असताना या बाईनं ज्या माणसाला तुरुंगात धाडलं, तो निर्दोष होता. चूक तिचीच, पुरावा तिनंच बिघडवला होता. त्या माणसाची म्हातारी आई अजून जुन्याच घरात राहते. बाई तिच्या दाराशी जाते, घंटीवर बोट ठेवते. पडद्यावर नुसतं बोट आणि घंटी, आणि तिथंच संपलं.

माझ्या मोठ्या जावेची नात नववीत आहे. तीच आम्हाला हे सगळं लावून देते. तिनं रिमोट ठेवला आणि सांगितलं की आता पुढचा सीझन एक-दीड वर्षानं, आला तर. माझ्या वयात हे ‘आला तर’ मालिकेलाही लागू आणि मलाही.

जाऊ शेजारी दिवाणावर बसून शांतपणे सुपारी कातरत होती. नागपुरात हुडकेश्वरला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहतो, मी पहिल्या माळ्यावर आणि ती तळाला. दुपारी कूलरसमोर बसून खून पाहणं हा आमचा दोन वर्षांचा नेम आहे. मी तिला विचारलं, “बाई, दाबली असंल का घंटी?”

“काही नाही दाबत,” ती म्हणाली. “एवढ्या वर्षांनी कोण सांगते वं?”

आणि चहा टाकायला खाली निघून गेली.

मग माझ्या अंगात जे शिरलं ते चार दिवस निघेना. कूलरमध्ये पाणी होतं तरी मी परत बादली ओतली, ती खालून वाहून गॅलरीत गेली. घडी केलेले टॉवेल उघडून पुन्हा घड्या घातल्या. सून म्हणाली की आई, मालिका आहे, मनावर काय घेता. मी म्हटलं, लिहिणाऱ्यांना शेवट करता येत नाही याचा राग आहे. सगळं खोटं. राग वेगळ्याच बाईचा होता, आणि ती बाई तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

तिची ओळख करून देते. लग्न होऊन खाप्याला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली रहस्यकथांची सात पुस्तकं होती. दोन वेण्या घालायची आणि स्वतःला फार हुशार समजायची. घरात कात्री सापडेनाशी झाली तरी हिचे डोळे बारीक व्हायचे, कोण कोण कुठे होतं ते विचारायची. कात्री बहुतेक वेळा हिच्याच गादीखाली निघायची.

त्या उन्हाळ्यात सासूबाईंनी लोणचं घातलं होतं, स्वयंपाकघरामागच्या अंधाऱ्या खोलीत, मांडीएवढ्या उंच बरणीत. दुपारी घर झोपलं की ही शहाणी भांडी घासून यायची आणि नुकतीच धुतलेली पळी तशीच ओली बरणीत बुडवून दोन फोडी काढायची. रोज. बरणीच्या तोंडावरचं फडकं, म्हणजे दादरा, पुन्हा बांधताना गाठ अगदी होती तशी मारायची, कारण पुस्तकात वाचलेलं होतं की गुन्हेगार गाठीवरून सापडतो. पाण्यानं लोणचं जातं हे मात्र कुठल्या पुस्तकात नव्हतं.

आठ-दहा दिवसांनी बरणीत बुरशी आली. सासूबाईंनी सगळ्यांना उभं केलं. आणि तपासाला पुढे कोण झालं असेल? हीच. बरणी उजेडात आणवली, गाठ पाहिली, वास घेतला, दुपारी दोन ते चारच्या मध्ये झालं असावं असं सांगितलं. हे बरोबरच होतं म्हणा. सासूबाईंनी विचारलं की मग तू कुणाला पाहिलं. हिनं मान खाली घालून, आवाज जरा घोगरा करून साक्ष दिली, “बाई परवा त्या खोलीच्या दाराशी उभ्या होत्या.”

बाई म्हणजे मोठी जाऊ. ती त्या दिवसांत बाजूला बसलेली होती, म्हणजे महिन्याचे ते चार दिवस. तिची वाटी वेगळी, चटई वेगळी. तिला दाराशी पाहिलं हे खरं होतं, पण ती सावलीला उभी असेल असंच मला वाटलं होतं. सासूबाईंना पुढचं सांगायची गरज पडली नाही. विटाळाच्या हातानं लोणचं सडलं, हे घरात पक्कं झालं. जाऊ एक शब्द बोलली नाही. त्या वर्षापासून तिनं बाकी दिवसांतही लोणच्याला हात लावायचा नाही असं ठरलं आणि लोणचं माझ्याकडे आलं. पुढे खाप्यात आणि नंतर नागपुरात लोक म्हणत राहिले की लहानीच्या हाताला काय चव आहे. मी लाजून ऐकत आले. इतकी वर्षं.

तर पाचव्या दिवशी कैऱ्या आल्या. दोन्ही घरांचं लोणचं मी अजून जावेच्याच स्वयंपाकघरात घालते. ती फोडी करून देते, फक्त फोडी. त्या दिवशीही तिनं केल्या, परात माझ्याकडे सरकवली, हात पुसले आणि मोहरी-तेलापासून दोन हात लांब जाऊन बसली. सासूबाई जाऊन तीस वर्षं झाली, तिचे ते दिवस संपूनही तेवढीच, तरी ती लांब बसते. मला ते सहन होईना. माझ्या हातात तिखटाची वाटी तशीच राहिली.

मी सांगून टाकलं. पळी, पाणी, गाठ, साक्ष, सगळं. इन्स्पेक्टर बाईसारखं एका वाक्यात जमलं नाही, दोनदा मागे जाऊन सांगावं लागलं.

मला वाटलं जाऊ रडेल किंवा शिव्या देईल. ती म्हणाली, “पण मी हात लावला होता.”

मी वाटी खाली ठेवली.

“घातला होता हात बरणीत, मनगटापर्यंत. सगळे म्हणत सडते, सडते. म्हटलं पाहू तं खरं, सडते का. आणि सडलं.”

म्हणजे माझी खोटी साक्ष खरी निघाली. मला हसू फुटणार होतं, पण तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते आतच राहिलं. ती चटईची काडी उपटत होती. तिची नात, ती नववीतली पोरगी, दाराशी उभी राहून ऐकत होती.

“माझी लेक मले म्हणे, आई, काही नाही होत,” जाऊ म्हणाली. “मी म्हणत जाव, मी डोळ्यानं पाहिलं आहे. सुनेले तेच सांगितलं. या पोरीले तेच सांगतो.”

या घरात बाकी काही पाळत नाहीत. पोरगी शाळेत जाते, सायकल चालवते, सगळ्यांत जेवते. फक्त त्या चार दिवसांत तिनं लोणच्याच्या बरणीला शिवायचं नाही. म्हाताऱ्या माणसाची एवढी एक गोष्ट ऐकावी म्हणून कुणी वाद घालत नाही, मीही कधी घातला नाही. ती गोष्ट माझ्या पळीवर उभी असेल हे मला काय माहीत.

मी म्हटलं, “बाई, पळीनंच गेलं ते.”

“कशावरून? हातही होता, पळीही होती. तुले काय माहीत कोणानं सडलं?” मग तिनं कोर्टात विचारावं तसं विचारलं की पळी किती ओली होती, थेंब गळत होते का, रोज की एकाआड. मी उत्तरं देत गेले, एकोणीस वर्षांच्या त्या शहाणीला कुणीतरी शेवटी उभं केलं होतं. जावेला राग येत होता, पण तो माझा की स्वतःचा की सासूबाईंचा, ते तिलाही ठरवता येईना. एकदा तर पुटपुटली की मला वाटे माझ्या हातात काही आहे. ते तिचं गेलं याचंही तिला वाईट वाटत होतं असं मला दिसलं.

शेवटी तिनं नातीला जवळ बोलावलं. “तुझे दिवस कधी आहेत वं?”

“चालूच आहेत,” पोरगी म्हणाली. “काहून?”

जावेनं एक लहान बरणी वेगळी भरायला लावली. पोरीला हात धुवून पदरानं स्वतः कोरडे पुसून दिले आणि म्हणाली, कालव. पोरगी आधी माझ्याकडे बघून हसली, मग तिनं सबंध पंजा घातला आणि तळापर्यंत फिरवला. जावेनं डोळे मिटून घेतले होते. दादरा तिनं स्वतः बांधला. खाप्यातल्या त्या उन्हाळ्यानंतर लोणच्याच्या बरणीला तिचा हात पहिल्यांदाच लागत होता, पण ते आम्ही कुणी बोललो नाही.

मला मात्र बजावण्यात आलं की त्या बरणीच्या जवळपासही फिरकायचं नाही. “तुझा काही भरवसा नाही,” जाऊ म्हणाली, आणि ती काही थट्टा करत नव्हती.

आज अकरावा दिवस. मी रोज सकाळी जिना उतरून तिच्या दारात उभी राहते, उंबऱ्याच्या बाहेरच. ती फळीवरून बरणी उतरवते, खिडकीशी नेते, दादरा सोडते आणि पाठमोरी राहून किती तरी वेळ आत बघते. तेवढ्या वेळात मी चपला काढते, पुन्हा घालते. विचारायची हिंमत होत नाही. मग ती गाठ बांधते आणि न वळता सांगते, “अजून तं चांगलं आहे.”