हरळी राखणाऱ्या हौसाबाई

हौसाबाई तिकोने यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या जमिनीवर पालथ्या पडलेल्या होत्या.

शाळेतून निवृत्त होऊन मला जेमतेम महिना झाला होता. चाळीस वर्षे भूगोल शिकवल्यावर घरात नुसते बसवेना, म्हणून लोणावळ्यातल्या आपल्या या क्लबाचे सभासदत्व घेतले आणि लॉन बोल्स शिकू लागलो. हा खेळ ठाऊक नसलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. हिरवळीच्या एका टोकाला ‘जॅक’ नावाचा छोटा पांढरा चेंडू असतो आणि दुसऱ्या टोकाहून सोललेल्या नारळाएवढे जड गोळे त्याच्या जवळात जवळ जातील असे घरंगळत सोडायचे असतात. गोळ्याची घडणच अशी असते, की तो जाता जाता एका अंगाला वळतो. त्याच्या घडणीखेरीज दुसऱ्या कशानेही तो वळता कामा नये, म्हणून हिरवळ अगदी सपाट लागते. बोटभर उंचसखलही चालत नाही.

माझे गोळे मात्र उत्तरेच्या कोपऱ्याकडे पळत. मला तो माझ्या हाताचा दोष वाटे. थंडीतल्या एका सकाळी कोणी पाहायच्या आत सराव करावा म्हणून लवकर गेलो, तर त्याच कोपऱ्यात एक बाई गालाला गवत लावून पडलेल्या. भोवळ आली असावी अशा समजुतीने मी धावलो.

‘‘ओ! पायातलं काढा आदी!’’ त्या न हलताच ओरडल्या.

मी जागच्या जागी बूट काढले आणि अनवाणी जवळ गेलो. ‘‘बाई, बरं वाटत नाही का?’’

‘‘मला काय धाड भरलीय? दव बघती. हितं जाड बसलंय, तितं पातळ. म्हंजी हितं जमीन बसलीय.’’ मग उठून, पदराने तोंड पुसून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. ‘‘तुमी आमच्या लेकीचं, सुनंदाचं गुरुजी न्हवं? तुमचं गोळं हितंच पळत्यात. तुमची चूक न्हाई ती.’’

पंधरवड्याने क्लबाने मोजणीचे यंत्र घेऊन एक गृहस्थ बोलावले. दिवसभर मोजून त्यांनी ज्या जागी खुणेची खुंटी ठोकली, तिथे हौसाबाईंनी आधीच बारीक चाळलेली वाळू आणून ठेवली होती. त्या दिवसापासून मी त्यांचा विद्यार्थी झालो. त्यांच्या साठीच्या या गौरवग्रंथात लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच.

हौसाबाई मळवलीच्या पलीकडच्या, डोंगराच्या पायथ्याच्या गावच्या. घरी भाताची खाचरे. शिक्षण चौथीपर्यंत. क्लबात त्या प्रथम आल्या त्या चार बायकांबरोबर रोजावर, गवत खुरपायला. त्या पहिल्या दिवसाची गोष्ट त्या स्वतःच हसत हसत सांगतात. मुकादमाने सांगितले, ‘‘तण काढा.’’ शेतकऱ्याच्या घरात बांधावरची हरळी म्हणजे पहिली वैरीण. हौसाबाईंनी दुपारपर्यंत पलंगाएवढी जागा हरळी उपटून स्वच्छ केली. आपली सारी हिरवळ हरळीचीच आहे, हे त्यांना कोण सांगणार? जुन्या माळीबुवांनी डोक्याला हात लावला. हौसाबाईंनी मात्र काढलेली एकेक मुळी उचलून परत लावली, पाणी घातले, आणि ती जागा भरेपर्यंत रोज येऊन पाहिली. माळीबुवा थकल्यावर ‘ही हिरवळ यांच्याच ताब्यात द्या’ असे त्यांनीच क्लबाला सांगितले.

आपल्याकडे पाऊस कसा पडतो हे मावळातल्या माणसाला सांगायला नको. चार महिने हिरवळीवर शेवाळ धरते, गांडुळे मातीचे बारीक ढीग काढतात. बाहेरून आलेले जाणकार म्हणत, इथे या खेळाची हिरवळ टिकणे कठीण. हौसाबाईंना भाताच्या खाचरात पाणी कुठे तुंबवायचे आणि कुठून सोडायचे हे लहानपणापासून ठाऊक. तेच ज्ञान त्यांनी हिरवळीभोवतीच्या चरांना लावले. दाताळ्याने टोचून, वाळू पसरून, फळीने ओढून, रोलर फिरवून दिवाळीच्या सुमारास त्या हिरवळ खेळासाठी मोकळी करतात. त्यांच्या शिस्तीला अपवाद नाही. एका समारंभाला आलेले मोठे पाहुणे बुटांसह हिरवळीवर निघाले, तेव्हा समितीतले कोणी त्यांना अडवेना. हौसाबाई पुढे झाल्या.

‘‘सायेब, पायातलं काढा.’’

‘‘का हो, देऊळ आहे का?’’

‘‘देऊळ न्हाई. देवळात घान झाली तर झाडून काडता येती. हितं टाच रुतली तर सा महिनं भरत न्हाई.’’

पाहुण्यांनी बूट तर काढलेच, जाताना हौसाबाईंना नमस्कारही केला.

आता जी गोष्ट सांगतो, ती या ग्रंथात आली नाही तर हा लेख खोटा ठरेल.

चार वर्षांपूर्वी आंतरराज्य स्पर्धेचे यजमानपद प्रथमच आपल्या क्लबाकडे आले होते. स्पर्धेला सात आठवडे उरले असताना हौसाबाई भातकापणीसाठी आठवडाभर गावी गेल्या. हिरवळ समितीचा सचिव मी. जाताना त्यांनी मला बजावले होते, ‘‘गुरुजी, निस्तं पानी द्या. दुसरं काय बी करू नका.’’ मला मात्र हिरवळ थोडी फिकट वाटली. एका पुस्तिकेत वाचून मी युरिया आणला आणि भर दुपारच्या उन्हात हाताने फेकला. पाणीही पुरेसे दिले नाही. तिसऱ्या दिवशी हिरवळीवर पिवळे पट्टे उमटले. पाचव्या दिवशी ते तांबूस झाले.

मी त्यांना फोन केला. ‘‘हौसाबाई, हिरवळ पिवळी पडतेय,’’ एवढेच म्हणालो. त्या अर्धी कापणी टाकून मिळेल त्या गाडीने आल्या. हिरवळीभोवती एक फेरी मारली, खाली बसून एक पट्टा चिमटीत धरून पाहिला, वास घेतला.

‘‘कुणीतरी युरिया मारलाय. उजव्या हातानं फेकलाय. आन् फेकनाऱ्याला शेतीची सवय न्हाई.’’

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मी माझा उजवा हात पाठीमागे घेतला.

दोन दिवसांनी समितीची तातडीची बैठक झाली. हौसाबाईंना बोलावण्यात आले. अध्यक्षांनी विचारले, ‘‘खत कोणी टाकलं?’’

‘‘हिरवळ माझ्या ताब्यात हाय सायेब. मी सोडून गेलते, तवा जिम्मेदारी माझीच.’’

लगेच एक सभासद म्हणाले, की एवढ्या मोठ्या स्पर्धेआधी हे असे होत असेल, तर काम बाहेरच्या कंपनीला द्यावे. दोघांनी माना डोलावल्या. हौसाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पदराचे टोक मुठीत घट्ट धरले होते. ज्या हिरवळीवर त्यांनी इतकी वर्षे घालवली, ती दहा मिनिटांत त्यांच्या हातून जाणार होती, आणि तरीही त्या माझे नाव घेत नव्हत्या.

वर्गात काच फुटली की मी पोरांना म्हणत असे, ज्याने फोडली त्याने उभे राहावे. त्या दिवशी उभे राहायला मला फार वेळ लागला.

‘‘खत मी टाकलं,’’ मी म्हणालो. ‘‘त्यांनी नको सांगितलं होतं. तरी टाकलं. फोनवरही लपवलं.’’

अध्यक्षांनी हौसाबाईंना विचारले, ‘‘मावशी, आता हे दुरुस्त होईल का?’’

‘‘व्हईल. पर कुणी रोज येऊन इचारायचं न्हाई, किती झालं म्हनून.’’ मग माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, ‘‘आन् ह्या गुरुजींना माझ्याकडं द्या.’’

सगळे हसले. कंपनीचा विषय तिथेच संपला. बाहेर आल्यावर मी त्यांची क्षमा मागू लागलो, तर त्यांनी मला पुरते बोलूही दिले नाही. ‘‘बोलला ते लय बरं केलं. माझ्या तोंडून मी काडलं नसतं. आता उद्या सातला या, जुनी कापडं घालून.’’

पहिले तीन दिवस आम्ही हिरवळीला नुसते पाणी पाजले, खत खोल उतरून जाईपर्यंत. मग जळालेले गवत दोन बोटे मातीसकट कापून काढले. त्या जागी लावायला तसेच गवत हवे होते. पंपाच्या खोलीमागे हौसाबाईंनी हरळीचा एक लांबट वाफा कित्येक वर्षे जपला होता. दरवर्षी समितीतले कोणी ना कोणी तिथे स्कूटर लावायला जागा करा म्हणत असे, आणि हौसाबाई ऐकून न ऐकल्यासारखे करीत. आता त्याच वाफ्यातले तुकडे हिरवळीवर बसवायचे होते. मी कापलेला पहिला तुकडा हातात धरून त्या म्हणाल्या, ‘‘गुरुजी, नकाशा काडायचा न्हाई. चौकोन पायजे.’’

नऊ दिवस आम्ही तुकडे बसवले. प्रत्येक तुकड्याखाली त्या हात घालून माती चाचपत, दोन चिमटी वाळू काढत किंवा घालत, मग वरून फळी ठेवून पुन्हा पालथ्या पडून पाहत. माझी पाठ धरली, तळहाताला फोड आले. दुपारी त्या आपल्या डब्यातली भाकरी अर्धी करून माझ्यापुढे ठेवत. ‘‘खावा. उपाशी मानसाचा हात तिरपा चालतो.’’ रविवारी आम्ही दहा-बारा सभासद त्यांच्या गावी गेलो आणि अर्धवट राहिलेली भातकापणी पुरी केली. आमचे विळे कसे चालले याविषयी त्यांच्या यजमानांनी जे उद्गार काढले, ते मी इथे लिहीत नाही.

स्पर्धेच्या दिवशी दुसऱ्या राज्याच्या संघाचे वृद्ध कप्तान अनवाणी हिरवळीवर फिरले. गवत जळाल्याची बातमी त्यांच्या कानावर गेली होती. त्यांनी हिंदीत विचारले, ‘‘कुठे जोडलंय ते दाखवाल का?’’ हौसाबाई म्हणाल्या, ‘‘ढूंढो.’’ कप्तान वाकून वाकून दमले. त्यांना एकही सांधा सापडला नाही. त्यांच्या संघाने आमचा सरळ पराभव केला. संध्याकाळी त्यांनी हौसाबाईंना विचारले, की आमच्या गावी येऊन आमच्या माळ्यांना शिकवाल का? त्या पुढच्या वर्षी गेल्या. आठ दिवस राहून आल्या. तिथली माती चिकट आहे आणि चहा गोडमिट्ट आहे, एवढेच त्यांनी आम्हाला सांगितले.

एक घरगुती ऋणही मला नोंदवले पाहिजे. माझ्या पत्नीला अर्धांगाचा झटका येऊन गेला. त्या बऱ्या झाल्या, पण डाव्या हाताची बोटे वस्तू धरीनात. घराबाहेर पडणे त्यांनी सोडले. हौसाबाई एकदा भेटायला आल्या आणि म्हणाल्या, ‘‘बाई, मंगळवारी हिरवळ बंद आस्ती. मला बारीक तण वेचायला मानूस पायजे. माझी नजर आता पुरत न्हाई.’’ त्यांची नजर घारीची आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. तरी पत्नी हिरवळीवर गेल्या. स्टुलावर बसून, वाकून, डाव्या हाताच्या चिमटीत एकेक काडी धरायची. पहिल्या मंगळवारी तीन काड्या निघाल्या. हौसाबाईंनी त्या तीन काड्या मोजून घेतल्या आणि ‘‘झ्याक काम झालं’’ म्हणाल्या. पावसाळा येईपर्यंत त्या बोटांत कपबशी राहू लागली. आज त्याच हातात गोळा राहतो, आणि मी घरच्या सामन्यात बहुधा हरतो.

त्यांनी आता आपल्या गावच्या वाडीतल्या दोन सुनांना कामात तयार केले आहे. गवत किती उंचीला कापायचे हे त्या अजून मोजपट्टीने पाहतात आणि हौसाबाई तळव्याने. तिघींची मापे जुळली की हौसाबाई खूश असतात.

या साऱ्या वर्षांत हौसाबाईंनी स्वतः एकही गोळा टाकला नव्हता. आम्ही आग्रह केला की ‘‘माझं काम खालचं हाय’’ म्हणत. यंदा साठीचे निमित्त काढून हंगामाचा पहिला गोळा त्यांनीच टाकावा असे सर्वांनी ठरवले. पदर खोचून त्या उभ्या राहिल्या, वाकल्या, आणि गोळा सोडला. तो सुरेख निघाला, मग वळला, आणखी वळला, आणि जॅकपासून दोन हातांवरून जाऊन थेट चरात पडला.

‘‘हिरवळ सपाट हाय!’’ हौसाबाईंनी कंबरेवर हात ठेवून जाहीर केले. ‘‘गोळाच वाकडा हाय. दुसरा द्या!’’

त्यांनी त्या सकाळी अकरा गोळे टाकले. अकरावा जॅकला खेटून थांबला, तेव्हा त्यांनी जी आरोळी ठोकली ती पार रस्त्यापर्यंत ऐकू गेली.

हौसाबाई, तुमचे गुडघे असेच वाकत राहोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि पंचाहत्तरीच्या ग्रंथात लिहायला आम्हा सर्वांना आयुष्य मिळो. उद्या मंगळवार आहे. तुम्ही माझ्या पत्नीला सांगितले आहे, की काम संपल्यावर तुम्हा दोघींचा सामना होणार. गोळे पुसून ठेवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी सातला येतो.