एकशे बारा नंबरचा शेजारी

समोरासमोर दारं असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपसूक साठतात. त्यातून आमच्या दाराला बाहेरचं बघायचं भिंग! दिल्लीतलं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नोएडाला आलो, तेव्हा समोर परभणीचा प्रदीप राहायचा. सॉफ्टवेअरमध्ये होता.

*

पहिल्याच दिवशी मी नाव विचारलं. म्हणाला, "प्रदीप. एकशे बारा."

कंपनीत तो एकशे बारावा नोकरीला लागला होता म्हणे. आता तिथे हजारो माणसं. नंबर जितका लहान, तितका मान मोठा.

*

गळ्यातलं कंपनीचं कार्ड तो रविवारीही काढत नसे. गणपतीच्या आरतीला वाकला, तर निरांजनावर कार्डाचा कोपरा जळला. बायको वैशाली म्हणाली, नवं मागून घ्या.

"नवं घेतलं तर काल लागलेला वाटेन ना!"

*

घरी आला की दार वाजवायचा, पण लगेच आत जायचा नाही. चार वर्षांची लेक चिऊ दार किलकिलं करून तळहात बाहेर काढायची. हा त्यावर कार्ड टेकवायचा. ती "टिंग" म्हणायची, मगच दार उघडायचं. ऑफिसात तसंच असतं म्हणे.

एकदा मी गंमत म्हणून कोथिंबिरीची जुडी टेकवली.

"आंटी, आपका कार्ड नहीं है." आणि दार बंद! वैशालीने येऊन उघडलं, तेव्हा आत गेले.

*

मग कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. सगळ्यांना नवे नंबर मिळाले. प्रदीपचा पाच आकडी आला. दोन दिवस तो जेवला नाही, असं वैशालीच सांगत होती. आमच्या ह्यांनी समजूत घातली, अरे, काम तेच, खुर्ची तीच, नंबराचं काय एवढं?

"काका, रिटायर होऊन तीन वर्षं झाली तुम्हाला. दारावर अजून सेक्शन ऑफिसर लिहिलंय."

पाटी अजून आहे.

*

मे महिना, सकाळचे अकरा. लिफ्ट थांबली, म्हणून मी भिंगाला डोळा लावला. प्रदीप होता. हातात खोका, त्यात चहाचा मग आणि टेबलावरचा छोटा गणपती. गळा रिकामा. त्या दिवशी पुष्कळ जणांना काढलं होतं, कार्डं गेटवरच जमा करून घेतली होती. हे मला नंतर कळलं.

त्याने दार वाजवलं. दार किलकिलं झालं, तळहात बाहेर आला.

"पापा, कार्ड?"

त्याने खोका खाली ठेवला. एक खिसा चाचपला, मग दुसरा. तळहात तसाच बाहेर.

मग तो वळला आणि आमची बेल वाजवली.

"काकू, जरा तुमच्याकडे बसू?"