शेवटची मंजुरी कुणाची?

पुण्यातली नोकरी सोडून मी सोलापुरात आलो तो इथंच राहायचं म्हणून. कारखान्यात कोण कुणाच्या हाताखाली, कुठलं काम कुणाकडून कुणाकडे जातं, याचं संगणकावर चित्र काढायचं आणि त्या चित्रावरून यंत्रानेच सॉफ्टवेअर तयार करायचं, असा माझा धंदा. नाही चालला तर परत पुणे, असं बायकोशी ठरलेलं. गिऱ्हाईक मिळालं एकच: चिंचोळी एमआयडीसीतला दोन भावांचा टॉवेलचा कारखाना.

तिथली रीत मला फार आवडायची. नवी ऑर्डर घ्यायची का, असं थोरल्याला विचारलं की तो म्हणे, "धाकट्याला इचारा की." धाकटा म्हणे, "दादांना इचारा." दोघांनी एकमेकांकडे पाठवलं की मॅनेजर खुशाल माग सुरू करायचा. नको असेल तर विचारलेला गप्प बसायचा. 'हो' कुणी म्हणतच नसे.

मी तसंच चित्र काढलं. यंत्राने ते घेतलंच नाही. हे नुसतं फिरत राहील, शेवटची मंजुरी कुणाची ते सांगा, म्हणे. झक मारत मी दोघांना समोर बसवून विचारलं.

थोरला हसला. "हे आमाला कुणी इचारलंच न्हाय की आजवर."

धाकटा हसला नाही. "दादांचं लिवा," म्हणाला आणि उठून गेला.

त्या दिवसापासून त्याला काहीही विचारलं की एकच उत्तर, "तितं लिवलंय की, तिकडंच जावा." थोरल्याला आयुष्यात पहिल्यांदा एकट्याने 'हो' म्हणावं लागलं आणि ते त्याला जमेना. ऑर्डरी अडकल्या. मग एक दिवस धाकटाच माझ्याकडे आला.

"तसलंच एक मला करून द्या. वर माजं नाव."

मी समजावलं, हातापाया पडलो म्हणा ना. ऐकेना. एकुलतं गिऱ्हाईक, नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? काढलं. यंत्राने तपासून सांगितलं, एकही चूक नाही. थोरल्याच्या चित्रातही नव्हती.

आता शेडच्या मधोमध भिंत आहे. अलीकडे थोरल्याचे थोडे माग, पलीकडे धाकट्याचे थोडे. सगळं मालकाच्या डोळ्यासमोर. सॉफ्टवेअर हवंय कुणाला? दोघांनीही मला गोड बोलून वाटेला लावलं. मला रडू येत होतं, पण रडायचं कुणापुढे?

घरी बायकोने विचारलं, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला काढायला कधी जायचं. उद्याच जाऊ, म्हणालो.